दिवसभर घरीच तर असतेस!

मैत्रिणींनो, वरचं वाक्य ज्या घरात एकदाही बोललं गेलं नाही, असं घर मला अजून पाहायचं आहे. बोलणारा मनाने वाईट नसतो. सकाळी तो बाहेर पडतो तेव्हा घर झाडलेलं असतं आणि संध्याकाळी परततो तेव्हाही झाडलेलंच असतं. मधल्या वेळात ते चारदा पसरलं नि पाचदा आवरलं, हे त्याला कुठून दिसणार?

सरकारने मात्र ते मोजलंय बरं का! 2024 साली देशभर पाहणी झाली, कोणाचा वेळ कशात जातो त्याची. घरकाम करणाऱ्या बायांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. लेकरं नि म्हातारी माणसं यांची देखभाल वेगळी धरली. ती बायांची 137, पुरुषांची 75. दोन्ही कामं जिच्या वाट्याला, तिची बेरीज सात तासांवर जाते. मला एवढंच कोडं पडलं, की काखेत पोर नि दुसऱ्या हाताने वरण घोटणं हे त्यांनी कोणत्या खान्यात मांडलं असेल?

मी राहते झरी जामणीला. यवतमाळ जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. थोरला चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. पहाटे पाचला मी उठते. तासभर तरी हात मोकळे मिळावेत हा हेतू, पण शेजारची जागा गार लागली की धाकटीचे डोळे उघडतातच. मग पाणी, डबा, आंघोळी. त्याबद्दल काय लिहायचं, तुमच्याकडेही तेच चालू असणार.

दहाच्या सुमाराला थोरला अंगणवाडीत जातो. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि त्यातलं एक ठिकाण आपल्या विदर्भातलंच, मेळघाटातलं धारणी. ज्यांनी कोणी ती काढली त्यांना मी रोज दहा वाजता मनातून दुवा देते! तो परत आला की मात्र हातातलं काम ठेवून आधी पाच मिनिटं त्याला जवळ घ्यायचं. धाकटी कडेवर नि थोरल्याला ‘चप्पल जागेवर ठेव’ असा हुकूम, असं झालं की पुढच्या घटकेत धाकटीला चिमटा बसलाच म्हणून समजा. नंतर त्याला शेंगा सोलायला द्याव्यात. निम्म्या पोटात जातात, पण जागचा हलत नाही.

दुपारी दोघं एकाच वेळी झोपली, तर भांडी तशीच पडू द्या आणि आपणही आडव्या व्हा. भांडी कुठे पळून जात नाहीत.

आता खरं लिहायचं ते. पोळ्याच्या आगेमागे आमच्या भागात पऱ्हाटीवर फवारणी चालते. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. ती शेतात राबणारी मोठी माणसं. पण उरलेला डबा येतो घरीच! शेतावर चोरीला जातो म्हणून तो खाटेखाली नाहीतर स्वयंपाकघराच्या दारामागे ठेवतात. आणि आपण त्याला म्हणतो काय, तर ‘औषध’. पोराला खोकल्याचं औषध आपणच गोड बोलून चमच्याने पाजतो. हे औषध वेगळं, हे त्याला कसं कळावं? आमच्या घरात मी त्याला विषच म्हणते. थोरलाही आता तेच म्हणतो.

यंदा दीर डबा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, घरात नको. आत्याबाई म्हणाल्या, “इतके वर्स झाले व माय, कोणाले काही झालं का? तुलेच कसं भेव वाटते?” मी उलट बोलले नाही, पण डबा उंबऱ्याच्या आतही घेऊ दिला नाही. दोन दिवस घरात कोणी धड बोलेना. तिसऱ्या दिवशी हे बाजारातून कुलूप घेऊन आले आणि बाहेरच्या भिंतीला उंचावर पत्र्याची पेटी ठोकली. किल्ली माझ्याकडे.

आणखी थोडं. विष कधीही थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. लेकरू रंग पाहतं नि तोंडाला लावतं. रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही, त्याला भोकं पाडून निकामी करा. फवारणीचे कपडे लंगोटांबरोबर भिजवू नयेत. आणि फवारून आलेल्या माणसाने साबणाने आंघोळ केल्याशिवाय पोराला उचलायचं नाही, मग पोर कितीही धावत येवो. इथे जीभ जरा कडक ठेवावी लागते.

लेकराच्या तोंडातून लाळ गळू लागली, घाम सुटला, उलट्या झाल्या, बुबुळाचा काळा ठिपका टाचणीएवढा झाला, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, दूधही नाही. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, 108 ला फोन लावा आणि डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. नाव कळलं की डॉक्टरांना उतारा ठरवणं सोपं जातं.

दिवेलागणीनंतर हे दोघांना घेऊन अर्धा तास ओट्यावर बसतात. हा अर्धा तास आपसूक मिळाला नाही, मी मागून घेतलाय. तेवढ्यात माझ्या भाकरी होतात, नि कधी हे चार शब्द लिहूनही होतात.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, कुबट वास येतो, असं दोघीतिघींनी कळवलंय. त्याबद्दल पुढच्या अंकात. तूर्त धाकटी उठलीय.