११ वाजून ४७ मिनिटे

मी स्वभावाने भांडखोर नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला ती चैन परवडतही नाही. 'सही जुळत नाही' हे वाक्य मी पंचवीस वर्षे इतक्या मवाळ आवाजात म्हणत आलो आहे की, काही खातेदार त्यावर मला 'थँक्यू' म्हणून जातात. पण एका बाबतीत मात्र मी आता कमरेला शेला बांधून उभा राहिलो आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मे महिन्यातल्या लग्नांना माझा विरोध आहे. लग्नांना नव्हे, मे महिन्याला. (हे वाक्य सौ.ने वाचून मंजूर केले आहे.)

दरवर्षी रामनवमी आटोपली की माझ्या टेबलाच्या काचेखाली पत्रिका जमू लागतात. पत्रिकेवर गणपती असतो, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी न जन्मलेली अक्षरे असतात आणि मुहूर्त असतो. तो कधीही '१२ च्या सुमारास' असा नसतो. ११ वाजून ४७ मिनिटे! आमच्या बँकेचे टोटलसुद्धा इतके नेमके लागत नाही.

अशाच एका ११ वाजून ४७ मिनिटांसाठी २०१९ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौदा माणसे एका काळीपिवळीत बसून चंद्रपूरहून अहेरीकडे निघालो. चुलतभावाच्या मुलीचे लग्न. अहेरीला आहेर घेऊन चाललोय, हा विनोद मी गाडीत तीन वेळा केला आणि तिसऱ्या वेळी एकटाच हसलो. तो नवतपा होता. त्या आठवड्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या पुढे गेला होता आणि जगातल्या तापलेल्या शहरांच्या याद्यांत आमचे नाव झळकत होते. गावाचे नाव जगात होणे चांगलेच; पण ते कढईसारखे होऊ नये एवढेच म्हणणे आहे.

लोक म्हणतात, तुम्ही काय बाबा, जंगलातली माणसे, तुम्हाला गारवा. अशा माणसाला मी मे महिन्यात बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या रस्त्याने एकदा फिरवून आणणार आहे. राजस्थानचे वाळवंट मी पाहिलेले नाही. पण सागाचे जंगल मे महिन्यात काय असते ते पाहिले आहे. साग हे जगातले सर्वात हिशेबी झाड. पाणी कमी झाले की तो पाने टाकून देतो आणि पावसाची वाट पाहत नुसता खांबासारखा उभा राहतो. म्हणजे झाडे हजारो आणि सावली शून्य. सावली नावाचे एक गाव आमच्या जिल्ह्यात आहे. पण ते मूल-गडचिरोली रस्त्यावर. आमच्या रस्त्यावर तेवढीही नव्हती. आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो. खाली नजर पोचेल तिथवर वाळू आणि मधून पाण्याची एक रेघ. हीच नदी पुढे चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. प्राणांच्या हिताचे नाव आहे, पण ते नदीने घ्यावे. माणसांनी तिकडे लक्ष दिल्याचे दिसत नाही. आमच्याकडच्या कूलरला 'डेझर्ट कूलर' म्हणतात ते काही उगीच नाही.

निघायचे ठरले होते सहाला. निघालो साडेआठला, कारण मेहुण्याची इस्त्री. गाडीचा हिशेबनीस मी, बी.कॉम. असल्यामुळे. मांडीवर पत्रिका, मनगटावर घड्याळ. 'शंभरावर किलोमीटर, रस्ता असा, म्हणजे थांबायला वेळ नाही,' असे मी जाहीर केले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, रस्ता खराब हाय, टाइम तं लागनच." मी म्हटले, "मुहूर्त ११.४७ चा आहे." जणू मीच बोहल्यावर चढणार होतो.

आमची आत्या खिडकीशी बसली होती. सत्तरी ओलांडलेली. मूलजवळ तिचे धानाचे शेत आहे. त्या शेतातल्या तांदळाला स्वतःच्या हाताने कुंकू लावून तिने अक्षता केल्या होत्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या होत्या. "मांडवातल्या अक्षता दुकानच्या असतेत बापू, ह्या घरच्या," असे ती मला सांगत होती. शेजारी पाण्याची बाटली होती. पुरुषमंडळी घटाघटा पीत होती. आत्या बाटली उघडून फक्त ओठ ओले करीत होती. आत्याच नव्हे, गाडीतल्या सहाही बायका तेच करीत होत्या. मला वाटले, बायकांना तहान कमी लागत असावी. कॉमर्स शिकलेल्या माणसाला शरीरशास्त्र इतपतच येते.

गोंडपिपरीला ती म्हणाली, "बापू, स्टँडवर थांबव ना जरा."

मी म्हणालो, "आत्या, उशीर झालाय. आष्टीला थांबू."

आष्टीला मी म्हणालो, "आता आलापल्लीलाच थांबू."

आलापल्लीला मी म्हणालो, "आता काय, पोचलोच."

वाचकहो, हे मी ज्या सुरात म्हणालो तो सूर तुम्हाला परिचयाचा आहे. 'आज सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे आम्ही त्याच सुरात म्हणतो. मध्ये दोनदा गाडी थांबली, पण ती पुरुषांसाठी. पुरुषांना अवघा जिल्हा मोकळा आहे. प्रत्येक साग आपला. बायकांना मात्र शंभर किलोमीटरमध्ये एक दार लागते आणि त्या दाराला आतून कडी लागते. ते मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे आमच्याकडच्या बायका लग्नाला निघाल्या की आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळले. लग्नाला बावीस वर्षे झाली होती माझ्या.

आम्ही ११ वाजून ४० मिनिटांनी मांडवात पोचलो. सात मिनिटे शिल्लक! मी विजयी वीरासारखा घड्याळ दाखवत उतरलो. मांडवात आचारी होता, दोन कुत्री होती आणि वरपक्षाचे कोणीही नव्हते.

वरात गावच्या वेशीवर होती आणि नाचत होती. साडेबारा झाले, ती शाळेजवळ नाचत होती. एक वाजला, ती मारुतीजवळ नाचत होती. वर टिनाचे पत्रे, खाली पॉलिस्टरच्या झालरी. भाकर ठेवली असती तर दोन्ही बाजूंनी भाजून निघाली असती. पंखे होते, ते गरम हवा एका पाहुण्याकडून दुसऱ्या पाहुण्याकडे पोचवण्याचे काम करीत होते. दीडच्या सुमाराला आत्या मला म्हणाली, "बापू, धान कापून झालं का रे?" मी हसलो. मला वाटले, म्हातारीने विनोद केला. मग तिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि खुर्चीवरून कलंडली. अंग तव्यासारखे आणि घामाचा एक थेंब नाही.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने ओल्या चादरी, बर्फ, सलाईन सगळे भराभर केले. त्याने मला दोनच प्रश्न विचारले. "पाणी केव्हा प्यायल्या?" आणि "का नाही प्यायल्या?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सौ.ने दिले. मी तिथे घड्याळाकडे पाहत उभा होतो, कारण दुसरीकडे कुठे पाहावे ते सुचत नव्हते. २ वाजून ५० मिनिटे झाली होती. त्याच वेळी तिकडे मंगलाष्टके सुरू झाली, असे नंतर कळले. पातळ सैल करताना नर्सबाईंनी पदराची गाठ सोडली आणि लाल तांदूळ फरशीवर सांडले.

आत्या वाचली. म्हणून तर मी विनोदी लेख लिहू शकतो. पण त्यानंतर ती कोणाच्याही लग्नाला गेलेली नाही. दोष द्यायला मी मांडवभर माणसे शोधली आणि शेवटी सही जुळली ती माझीच.

तर आता भांडण. समोरच्या पक्षाची बाजू मी नीट मांडतो, डेबिटला डेबिट, क्रेडिटला क्रेडिट.

ते म्हणतात, मुहूर्त मे महिन्यातच असतात. ठीक. पण ११ वाजून ४७ मिनिटांचा मुहूर्त वरातीतल्या पोट्ट्यांच्या नाचासाठी तीन तास हलतो, तेव्हा एकही ग्रह तक्रार करीत नाही. नाचासाठी जो तीन तास पुढे सरकतो, तो म्हातारीसाठी तीन महिने मागे का सरकू नये? २०२४ च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोघेही अस्तंगत होते, म्हणून कितीतरी घरांनी लग्ने पुढे ढकलली. ज्यांना घाईच होती त्यांच्यासाठी 'काढीव मुहूर्त' निघाले. म्हणजे शुक्र मावळला तर लग्न थांबते. सूर्य डोक्यावर बसला तर थांबत नाही! कोट्यवधी मैलांवरचा शुक्र आपण एवढा मानतो आणि मांडवातला थर्मामीटर मानत नाही.

ते म्हणतात, पावसाळ्यात रस्ते बंद. हे मात्र खरे आहे, आणि ते मी जमेला धरतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिकडे कोण वरात नेणार? चातुर्मासही तेव्हाच. पण पावसाळा गेला की थेट मे उजाडत नाही. मधे हिवाळा नावाचा एक ऋतू असतो. आमच्या भागात तेव्हा धान घरात येते, हातात चार पैसे असतात. पौष सोडा, मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन कुठे गेले?

ते म्हणतात, शाळांना सुट्ट्या मेमध्ये असतात. असतात. त्या शाळांना का देतात? मुलांनी उन्हात बाहेर पडू नये म्हणून! आपण ती सुट्टी घेऊन त्यांना उन्हात नाचायला नेतो.

आणि आम्हाला ऋतू कळत नाही असेही नाही. झाडीपट्टीची नाटके बघा. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या भाऊबीजेनंतर बाहेर पडतात ते होळीपर्यंत. गावोगाव शंकरपट, रात्री नाटक, लोक चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. ह्याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक कधी करावे हे ज्या मुलखाला शंभर टक्के कळते, त्याला लग्न कधी करावे हे कळू नये? अहो, लाकडाचेसुद्धा आपण जपले. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघाले, त्याची केवढी थाटाची शोभायात्रा झाली! कधी? मार्च अखेरीला. लाकडाची वरात मार्चमध्ये आणि हाडामांसाची मेमध्ये.

हे सगळे आज लिहायचे कारण असे की, माझ्या मुलीचे जमले आहे. स्थळ गडचिरोलीचे, माणसे चांगली. होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला : "मे अखेरचा मुहूर्त फार उत्तम निघतो जी, ११ वाजून ५२ मिनिटे." मी पाच मिनिटांची सुधारणा पाहून आभार मानले आणि नंतर त्यांना पत्र लिहिले. फोनवर माझा आवाज मवाळ होतो, म्हणून पत्र. तारीख माघातली धरावी. वेळ गोरज. वरातीने मुहूर्ताच्या अर्धा तास आधी बँड बंद करावा. आणि वऱ्हाडाची प्रत्येक गाडी, मुहूर्त चुकला तरी बेहत्तर, जिथे बायकांसाठी दार आणि कडी आहे तिथे थांबेल, आणि ती ठिकाणे मी आधी स्वतः जाऊन पाहून येईन. मुलीच्या बापाने अटी घालायच्या नसतात, हे मला पत्र पेटीत पडल्यावर आठवले.

त्याला आज अकरा दिवस झाले. उत्तर नाही. सौ. माझ्याशी कामापुरते बोलते. डब्यातली चटणी बंद आहे. मुलगी मात्र काल म्हणाली, "बाबा, त्याला मी सांगितलंय. तो म्हणाला, माघच बरा, कोटात घाम नाही येणार." जावई हुशार दिसतो.

आत्याला मी मूलला जाऊन सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माघात म्हणतं ना? मंग नव्या धानाच्या होतील अक्षता." आणि मी उठताना म्हणाली, "पन बापू, गाडीत हिशोबाले तू नको बसू."