सोयाबीनचा ओलावा : तीन टक्क्यांत नेमकं किती जाते?

सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. पण नांदगाव खंडेश्वर असो की मूर्तिजापूर, केंद्रावर पोतं उतरलं की पहिला प्रश्न भावाचा नसतो. मॉइश्चर किती? नेहमीची मर्यादा १२ टक्के. आकडा वर गेला की माल परत.

१५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने ही मर्यादा १५ टक्के केली. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. सवलत त्या खरिपापुरती, आणि जादा ओलाव्याचा खर्च-तोटा राज्य सरकारने सोसायचा, अशी अट होती. मात्र सोंगणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात, अन् त्या वर्षी दिवाळी १ नोव्हेंबरला होती. ज्याला दिवाळीचा बाजार आणि हरभऱ्याचं बियाणं नगदी घ्यावं लागते, तो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबत नाही. तो ओला माल अडत्याकडे नेतो.

तिथं कपात किती व्हावी, हा खरा मुद्दा. हिशेब सोपा आहे. १५ टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये ८५ किलो सुका माल असतो. तोच १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन ९६ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे पाणी गेलं साधारण ३ किलो ४०० ग्रॅम. ५,३२८ च्या भावाने ते १८१ रुपये होतात. भाव क्विंटलमागे पाचशे-हजाराने पाडला, तर ती कपात निव्वळ पाण्याची नाही. वाळवणी, हमाली, जोखीम धरली तरी एवढा फरक का, हे विचारता आलं पाहिजे.

यंत्राचंही तसंच. छोटं मीटर दाण्यातून वीज कशी जाते त्यावरून ओलावा सांगते. पिकाची सेटिंग चुकली, दाणे उन्हानं तापलेले असले, किंवा एकाच पोत्यातला नमुना घेतला, तर आकडा हलतो. पक्की पद्धत म्हणजे नमुना तोलून, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलणे; ती केंद्रावर होत नाही. म्हणून तीन-चार पोत्यांतले दाणे मिसळून, सावलीत गार करून, दोनदा मोजायला सांगावं. आकडा लिहून घ्यावा.

घरचं बियाणं ठेवायचं तरी साध्या पोत्यासाठी बीज प्रमाणीकरणाची मर्यादा १२ टक्केच आहे.

ताडपत्री अन् वाळवायला जागा ज्याच्याकडे आहे, त्याला हमीभाव मिळतो. गावात वाळवणीचा ओटा आणि ग्रामपंचायतीत एक तपासलेलं मीटर असलं, तर बाकीच्यांनाही घरूनच आकडा माहीत करून निघता येईल.