गर्दीचा धनी कोण?

सणासुदीच्या स्वस्ताईने माणसे वेडावतात, लोभ वाईट, एवढे बोलून आपण मोकळे होतो. हा उपदेश खोटा नव्हे. पण तो अर्धा आहे, आणि अर्धा उपदेश खऱ्या अपराध्याच्याच पथ्यावर पडतो.

अमेरिकेत नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ हा कृतज्ञतेचा सण पाळतात. मिळाले त्याबद्दल आज देवाचे आभार मानावयाचे, आणि न मिळालेल्यासाठी उद्या पहाटे धावावयाचे! त्या दुसऱ्या दिवसास ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. २८ नोव्हेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कजवळ व्हॅली स्ट्रीम येथील वॉलमार्टच्या दुकानाबाहेर सुमारे २,००० माणसे ताटकळत होती. पहाटे पाचच्या सुमारास दरवाजे मोडून लोंढा आत घुसला, आणि दाराशी उभा केलेला ३४ वर्षांचा एक हंगामी कामगार पायांखाली चेंगरून मेला.

तो लोंढा आकाशातून पडला होता काय? माल मोजका, भाव मातीमोल, वेळ एक आणि दार एक, ही सारी योजना दुकानदाराची. दहांना पुरेल ते हजारांना दाखवावयाचे, आणि हजार धावले म्हणजे त्यांना पशू म्हणावयाचे! धावणारा निर्दोष नाही. परंतु ज्याने धावण्याची शर्यत लावली तो पंच कसा ठरतो?

कायद्याने काय केले? २००९ साली श्रमसुरक्षा खात्याने ७,००० डॉलर दंड ठोठावला. त्या कलमाखाली तेवढीच कमाल मर्यादा होती. फौजदारी खटला टाळण्यासाठी कंपनीने सरकारी वकिलांशी तडजोड केली आणि सुमारे २० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. पण तो क्षुल्लक दंड मात्र तिला सोसवेना! गर्दीत माणूस चेंगरणे हा सर्वमान्य धोकाच नव्हता, असा तिचा बचाव होता. २०११ साली न्यायाधीशांनी तो फेटाळला. पैसे देणे सोपे होते. ‘गर्दी आमची’ एवढे म्हणणे जड होते.

कोणी म्हणेल, आपल्या जत्रांत माणसे चेंगरत नाहीत काय? चेंगरतात. २००५ साली मांढरदेवीला अडीचशेहून अधिक भाविक गेले. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराईच्या जत्रेतही बळी पडले. म्हणूनच न्याय एकच हवा: ज्याने गर्दी बोलाविली, तोच तिचा धनी. देवस्थान समितीला जो प्रश्न आपण विचारतो, तो बाजाराला विचारताना जीभ का अडखळते?

आज दसरा-दिवाळीच्या ‘सेल’ला दारही उरलेले नाही. मध्यरात्री बोटाने मागणी नोंदवावी आणि लक्ष्मीपूजनापूर्वी वस्तू घरी यावी! लोंढा तोच आहे. तुडविला जाणारा तेवढा दृष्टीआड झाला आहे. तो गोदामात उभा आहे, दुचाकीवर गाठोडे घेऊन धावतो आहे, आणि त्याच्या घरचा दिवा त्याच्यावाचून लागतो आहे.

वाचकहो, खरेदी सोडा असे आम्ही सांगत नाही. घाई नाकारा, आणि जो घाई विकतो त्याच्याकडे हिशेब मागा. भाव पाडला म्हणून किंमत नाहीशी होत नाही. ती दुसऱ्याच्या नावावर चढते, एवढेच.