गजाक इचार

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात ठासणीची बंदूक आहे, किंवा ज्यांच्या घरातलं कोणीतरी थंडीच्या दिवसांत जेवण झाल्यावर "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

भात कापून झालं, रान थोडं मोकळं झालं की आपल्याकडच्या पेपरात एक बातमी कधी ना कधी येतेच. गाव बदलतं, नाव बदलतं, बाकी सगळं तेच. डुक्कर समजून बार काढला, समोर आपलाच माणूस होता. मग फेसबुकवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, शिकारीला जातात कशाला, आत टाका सगळ्यांना. दुसरी म्हणते, एका रात्रीत डुकरांनी शेत उलथून टाकलं की कळेल तुम्हाला मुंबईत बसून. चार दिवस हाणामारी, पाचव्या दिवशी सामसूम. बंदूक कोणी भरली होती, कितीदा भरली होती, त्या रात्री "थांब" म्हणायचा अधिकार कोणाला होता, हे कोणी विचारत नाही. मला तेवढंच विचारायचं आहे.

आमच्या आजोची परवान्याची बंदूक होती. शेतीसंरक्षणाची. घोडा, चाप, लांब नळी आणि लोखंडी गज. त्या गजावर आजोने दोन ठिकाणी दोरा गुंडाळलेला होता. नळी रिकामी असताना गज आत सोडला की वरचा दोरा तोंडाशी येतो, भरलेली असताना खालचा. कोणीही "नाय ओ, रिकामी हा" म्हणून बंदूक हातात दिली की आजोचं ठरलेलं उत्तर असायचं, "भरलेली हा की नाय ता गजाक इचार, माका नको." आम्ही पोरं हसायचो. म्हातारा स्वतःच्या भावावरही विश्वास ठेवत नाही म्हणून.

हे सगळं मी विसरलो होतो. परत आठवलं ते अमेरिकेत.

मावसभाऊ ॲरिझोनात फिनिक्सला असतो. त्याच्याकडे गेलो असताना एका रविवारी तो म्हणाला, चल, तुला काउबॉय दाखवतो. मला वाटलं घोडेबिडे असतील. तर तिथे साठी-सत्तरीतले आजोबा हॅट, बूट आणि कमरेला दोन-दोन पिस्तुलं लावून उभे! या खेळाचं नाव काउबॉय ॲक्शन शूटिंग. १९०० च्या आधीच्या घाटाच्या बंदुका वापरायच्या: दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन. जवळच ठेवलेल्या लोखंडी पत्र्यांवर ठरलेल्या क्रमाने नेम धरायचा आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा. याची मोठी संघटना सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, १९८७ सालची. प्रत्येकाला जुन्या काळातलं वाटेल असं टोपणनाव घ्यावं लागतं. नाटकच म्हणा ना. आपल्याकडे दशावतारात रात्रभर तलवारी चालतात, तसं इथे दिवसभर गोळीबार.

त्यातल्या काहींचा हट्ट असा की आजची बिनधुराची दारू नको, जुनी काळीच पाहिजे. सोरा, कोळसा, गंधकाची. त्यांच्यासाठी वेगळे गट आहेत. आवाज दणदणीत येतो, आणि वारा पडलेला असला की दुसऱ्या-तिसऱ्या बारानंतर पांढऱ्या धुरात पत्राच दिसत नाही. नाकात तो वास गेला आणि मला आमची पडवी आठवली. दारू तीच होती.

पण दारूपेक्षा मी तिथलं टेबल जास्त वेळ बघत बसलो. बंदूक भरायचं टेबल वेगळं, रिकामी करायचं वेगळं. भरायची ती दुसऱ्याच्या डोळ्यांसमोरच. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या, आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवलेला. कारण जुन्या घाटाच्या पिस्तुलात घोडा थेट गोळीच्या बुडावर टेकतो. हातातून निसटून दगडावर पडलं तर आपोआप उडतं. शूट करून झालं की दुसऱ्या टेबलावर जाऊन नळी आणि घरं रिकामी आहेत हे दुसऱ्याला दाखवायचं. तोंडाने सांगून चालत नाही. नळीचं तोंड ठरलेल्या कोनाबाहेर गेलं की ती फेरी बाद. भरलेली बंदूक हातातून पडली की सामन्यातूनच बाहेर. मग तुम्ही कोणीही असा. बघ्यांनाही चष्मा सक्तीचा, कारण शिशाचे तुकडे पत्र्यावरून उडून मागे येतात.

आणि दारू पिऊन, किंवा मॅच चालू असताना पिऊन, शूट करायला बंदी. आपल्या भाषेत दोन्हीला दारूच म्हणतात. इतक्या जवळच्या दोन गोष्टी लांब ठेवायची अक्कल आपल्याला का नाही, देव जाणे. शिकारीला जाताना थंडी म्हणून घोटभर घेतात हे मी सांगायला नको.

मग ती गोष्ट घडली. सत्तरीचा एक गृहस्थ रायफल चालवत होता. धाड, धाड, धाड, आणि मध्येच एक आवाज आला तो असा, फुस्स. त्याने सवयीने लिव्हर ओढला. तेवढ्यात घड्याळ धरून मागे उभी असलेली पंचविशीची मुलगी ओरडली, थांबा! म्हातारा जागच्या जागी थांबला. रायफल टेबलावर ठेवली. नंतर नळीत गज घातला तर गोळी अर्ध्या नळीत अडकलेली. पुढचा चाप ओढला असता तर मागून दुसरी गोळी तिच्यावर आदळून नळी त्याच्या डाव्या हाताजवळ फुगली किंवा फाटली असती. मराठीत "फुसका बार" म्हणजे विनोद. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला म्हणायचं. तिथे तो सगळ्यात भीतीचा आवाज, आणि तो ऐकायलाच एक माणूस मागे उभा असतो.

माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. त्या म्हाताऱ्याने त्या पोरीला "तू मला शिकवतेस?" असं म्हटलं नाही. न मारलेल्या गोळ्या हुकलेल्या धरल्या, प्रत्येकी पाच सेकंद दंड लागला, तरी त्याने हॅट काढून तिला थँक यू म्हटलं. भावाने सांगितलं, काहीही धोक्याचं दिसलं की इथे कोणीही ओरडू शकतो. आणि कोणीही ओरडलं तरी थांबायचंच. खरं-खोटं मागाहून.

आता ही मंडळी फार शहाणी आहेत असं मला म्हणायचं नाही. बंदुकांच्या बाबतीत त्या देशाकडून शिकण्यासारखं फारच थोडं आहे. पण काळ्या दारूने त्यांनाही भरपूर चटके दिलेत. गोळी तोंडाने ठासायची जुनी रिव्हॉल्व्हर असतात. त्यात गोळी सैल असली किंवा टोपी नीट बसलेली नसली तर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरते आणि दोन-तीन घरं एकदम उडतात. म्हणून गोळी घट्ट बसवून वर ग्रीस लावतात. डब्यातून थेट नळीत दारू ओतत नाहीत, कारण आधीच्या बाराचा निखारा आत धुमसत असला तर आग डब्यापर्यंत येते आणि डबा हातातच फुटतो. म्हणून आधी छोट्या मापात, मापातून नळीत. काळ्या दारूला पर्याय म्हणून पायरोडेक्स नावाची पूड निघाली. तिचा शोध लावणारा डॅन पॉलॅक १९७७ मध्ये स्वतःच्याच कारखान्यातल्या स्फोटात गेला.

आणि विसरणं? १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या. त्यातल्या २४ हजारांच्या आसपास भरलेल्याच होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. काहींत त्याहून जास्त. हे कवायत केलेले सैनिक होते बरं का. गडबडीत, आवाजात, भीतीत माणसाला कळतच नाही आपली बंदूक उडाली की नाही. मग रात्री जंगलात, थंडीत, बॅटरीच्या उजेडात, दोन घोट घेतलेल्या आपल्या बाबल्याला ते आठवणार आहे?

आता आपल्याकडची पद्धत बघा. बंदूक भरतो एक, खांद्यावर घेतो दुसरा, वाटेवर बसतो तिसरा. हाकारे घालणारी पोरं चौथीकडे. कोण कुठे बसला हे निघताना अर्धवट ठरतं, आणि एखाद्याला पाय दुखला म्हणून तो जागा बदलतो, ते कोणालाच माहीत नसतं. झुडूप हललं की बार. टोपी वाजली आणि बार सुटला नाही, तर तिकडचे लोक नळी समोर धरून मिनिटभर तसेच उभे राहतात, कारण उशिरानेही बार सुटतो. आपल्याकडे लगेच बंदूक फिरवून "काय झाला बघूया." काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत भरणारे महाभागही ऐकून आहे. अरे, ती दारू वेगळी. तिचा जोर त्या जुन्या नळीला झेपत नाही. शिवाय काळ्या दारूची राख पाणी ओढते. आपल्या पावसात एक रात्र बंदूक न धुता ठेवली तरी आतून गंज धरतो. पन्नास वर्षं असं चाललेली नळी कशी असेल?

आणि त्या टोळीत एखाद्या वीस वर्षांच्या पोराला काही खटकलं तर? "काका, थांबा" म्हणायची त्याची टाप आहे? काकांना राग येतो, पोराला पुढच्या वेळी नेत नाहीत. आमच्या वाडीत दहा-बारा वर्षांपूर्वी एकाच्या मांडीत छर्रे गेले, तेव्हा मागे असलेल्या मुलाने मला नंतर सांगितलं, "माका दिसलेलो तो, पण बोलूक भिया वाटला." तो माणूस जगला, पण लंगडतो. त्याला दवाखान्यात न्यायला पहाट झाली, कारण आधी बंदूक लपवायची होती आणि सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायची होती. काट्यात पडला म्हणून.

हा भाग मला सगळ्यात जास्त सलतो. शिकार बेकायदेशीर आहे. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. शेताचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडून परवानगी घ्यायची तरतूद आहे. ती सोपी करा म्हणून भांडायला मी तुमच्यासोबत आहे. पण केसच्या भीतीने जखमी माणसाला तास-तास रानात ठेवणं, हे कुठल्या कायद्याने सांगितलं?

सरकारचं म्हणाल तर निवडणूक लागली की आपल्या बंदुकांची आठवण येते. आणून जमा करा, पावती घ्या, निकालानंतर घेऊन जा. बंदूक पोलीस ठाण्यात येते, जाते. तेवढ्या वेळात नळी बघणारा एक जाणकार तिथे बसवता येणार नाही? २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण आपल्या बहुतेक बंदुका आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलाकडे आलेल्या. परवाना माणसाला असतो, घराला नाही, हेसुद्धा निम्म्या घरांत माहीत नाही. आणि ज्यांच्याकडे परवानाच नाही, त्यांना कोण शिकवणार? शिकवलं तर प्रोत्साहन दिल्यासारखं होईल म्हणे. म्हणजे ते शिकणार नाहीत, पण बार काढतच राहणार.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी एक विषय मांडणार आहे. परवानाधारकांची एक दिवसाची बैठक, पोलीस पाटील आणि बंदुकीची माहिती असलेला एखादा निवृत्त फौजी समोर बसवून. बंदूक कोण भरतो, कुठे भरतो, उतरवल्यावर कोणाला दाखवतो. नळी तपासायची. आणि माणूस जखमी झाला तर सगळ्यात आधी १०८, बाकीचं नंतर. एवढंच. काही जण म्हणतील हा शिकारीचा प्रचार करतोय, काही म्हणतील पोलिसांचा खबरी आहे. म्हणू देत.

ज्यांना यायचंय त्यांनी इथे नाव लिहू नका, सरळ घरी या. आजोची बंदूक तो गेल्यावर आम्ही सरकारजमा केली. गज मात्र माळ्यावर राहिला होता. दोरे अजून शाबूत आहेत. तो बैठकीला घेऊन येतो.