धडा पुस्तकातला, हुतात्मा चौकातला

नेरळ परिसरातील एखाद्या माध्यमिक शाळेत नववीत शिकणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. शाळेत जाता-येता ती हुतात्मा चौक ओलांडते. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ही दोन नावे तिला बालपणापासून पाठ आहेत. 2 जानेवारीला तेथे हार घातले जातात, घोषणा होतात, हेही तिने पाहिले आहे. वर्गात मराठीच्या तासाला त्यागाचे माहात्म्य सांगणारा एखादा धडा चालू असतो. कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर येतात, उत्तरे उतरवून दिली जातात. कविता असेल तर आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरलेल्या मुद्द्यांवर तिचे रसग्रहण होते. धड्यातला त्याग आणि चौकातला त्याग यांचे काही नाते आहे काय, हा प्रश्न मुलीच्या मनात येतो आणि तास संपल्याची घंटा होते. प्रश्न तसाच राहतो, कारण परीक्षेत तो विचारला जाणार नसतो.

त्याच आठवड्यात गटप्रकल्प सादर करायचा असतो. विषय असतो 'आपल्या परिसरातील स्वातंत्र्यसैनिक'. गटात पाच जण. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणले जातात, मजकूर मोबाईलवरून उतरवला जातो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तोही आयता लिहून देतात. सुवाच्य अक्षर असलेली एक मुलगी रात्री जागून वही पूर्ण करते, मुखपृष्ठावर पाच नावे झळकतात आणि पाचही जणांना समान गुण मिळतात. ज्या चौकातून ही मुले रोज जातात, तेथील हुतात्म्यांविषयी त्यांनी गावातल्या एकाही वृद्धाला एक शब्दही विचारलेला नसतो.

न शिकवता शिकवलेला धडा

या प्रकारात केवळ माहितीची हानी झाली असती तर ती पुढे भरून काढता आली असती. खरी हानी निराळी आहे. काम एकाने करावे व श्रेय पाचांनी घ्यावे, हा धडा त्या वहीने पाचही मुलांना दिलेला असतो. जिने काम केले ती प्रामाणिकपणाला किंमत नसते असे समजते. ज्यांनी केले नाही, त्यांना नाव लागले की पुरे, हे कळते. संघभावना रुजावी म्हणून योजलेला उपक्रम संघभावनेच्याच मुळावर येतो. पाठ्यपुस्तकातल्या दहा पाठांनी जे संस्कार करायचे, ते एक खोटी वही पुसून टाकते.

शाळेच्या हाती असलेल्या गुणांकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही याला कारण आहे. दहावीच्या भाषा विषयांतील 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन 2018-19 मध्ये बंद करण्यात आले. 2018 साली 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर उतरला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे खरे. परंतु त्यानंतर सर्वत्र जी ओरड झाली ती मुलांना भाषा येत नाही याबद्दलची नव्हती, गेलेल्या गुणांबद्दलची होती. 2019-20 पासून ते गुण परत मिळाले आणि चर्चा थांबली. मुलाला काय येते यापेक्षा त्याला किती मिळाले हाच प्रश्न घराघरांत विचारला जात असेल, तर शाळेने तरी वेगळे काय करावे?

दस्ता म्हणजे काय?

गट कशाला म्हणतात हे शिकण्यासाठी नेरळच्या मुलांना दूर जाण्याचे कारण नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेत त्यांनी काम केले. शिकलेल्या माणसाला तेव्हा मुंबई खुणावत असे. कोतवालांनी मात्र कर्जत परिसरातील शेतकरी आणि आदिवासींची बाजू घेतली. सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठीचा प्रयोग केला, मुलांसाठी शाळा काढल्या. 1942 च्या आंदोलनात त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडून परकीय सत्तेला आव्हान दिले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले.

दस्ता हाही एक गटच होता. परंतु त्यात प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते आणि एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतणार होती. शिवाय रानात वावरणाऱ्या अशा दस्त्याला गावपाड्यांच्या आधाराशिवाय तग धरणे अशक्यच. भाकरी कोणी पोहोचवली, निरोप कोणी नेले, पोलिसांचा मार कोणी सोसला? यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत. ती असलीच तर घरांतल्या आठवणींत आहेत. 1942 साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. हा ठेवा टिपून घेण्यास फार वर्षे उरलेली नाहीत. मुलांच्या प्रकल्पाला याहून योग्य आणि याहून तातडीचा विषय कोणता असू शकेल?

आयर्लंडची पोरे आणि अमळनेरचे गुरुजी

हे काम मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे वाटणाऱ्यांनी आयर्लंडकडे पाहावे. शतकानुशतकांच्या इंग्रजी सत्तेतून बाहेर पडलेल्या त्या देशाने 1937 ते 1939 या काळात आपली लोकपरंपरा गोळा करण्याचे काम प्राथमिक शाळांतील मुलांवर सोपवले. आठवड्याच्या निबंधाऐवजी मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून गोष्टी, गाणी, औषधे, गावाचा इतिहास लिहून आणायचा होता. सुमारे 5,000 शाळांतील सुमारे 50,000 मुलांनी जवळपास 7 लाख 40 हजार पृष्ठांचा संग्रह उभा केला. आज तो डब्लिनच्या विद्यापीठात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपला आहे. त्यासाठी ना महागडी साधने लागली, ना सजावटीचे तक्ते. वही, लेखणी आणि ऐकण्याची तयारी एवढ्यावर ते झाले.

आपल्याकडेही ही परंपरा अपरिचित नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरला शिक्षक होते. तेथील वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. पुढे खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून त्यांनी 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. 'श्यामची आई' वाचून डोळे पुसणाऱ्या मुलांना हेही सांगायला हवे की, हा लेखक जात्यावरच्या ओवीलाही साहित्य मानत होता. तसे सांगितले तर आपल्या आजीच्या तोंडची लावणीच्या वेळची ओवी आणि पुस्तकातली कविता यांच्यातली भिंत मुलांच्या मनातून आपोआप दूर होईल.

करायचे काय?

उपाय साधा आहे. पाठ्यपुस्तकातल्या धड्याने प्रश्न द्यावा आणि गावाने उत्तर. त्यागाचा धडा झाला की गटाने दोन-तीन घरी जाऊन 1942 च्या आठवणी विचाराव्यात. एकाने विचारावे, एकाने लिहावे, एकाने जुन्या कागदांशी ताडून पाहावे, एकाने गावांचा व वाटांचा नकाशा काढावा, एकाने सर्व वाचून शंका काढाव्यात. प्रत्येक पानाखाली ते लिहिणाऱ्याची सही असावी आणि गुण त्या पानाला मिळावेत. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव व दिनांक नोंदवावा. स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले वेगवेगळे लिहावे. गौरवाच्या भरात खोटे घुसडू नये. हुतात्म्यांना अतिशयोक्तीची गरज नसते.

शिक्षकांवर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत अनेक कामांचा भार असतो, वर्ग भरगच्च असतात, ही अडचण खरी आहे. म्हणूनच वर्षाला पाच प्रकल्पांऐवजी एकच, पण खरा प्रकल्प पुरे. पालकांनीही वही सुंदर झाली का, यापेक्षा तू कोणाला भेटलास, असे विचारावे. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, स्थानिक कार्यकर्ते यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ अशा मुलांना दिली तरी शाळेचा भार हलका होईल.

त्या नववीतल्या मुलीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. धड्यातल्या त्यागाचे चौकातल्या त्यागाशी नाते आहे काय? त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. ते एखाद्या पाड्यावरच्या ओसरीवर, थकलेल्या आवाजात, तिची वाट पाहत बसले आहे. तिला तेथपर्यंत नेऊन सोडणे एवढेच वडीलधाऱ्यांचे काम आहे.