दिसलं म्हणून...

जठारपेठेतल्या घरी आजीच्या फडताळाला काच होती. लाडवांचा डबा दिसायचा, पण कडीला कुलूप.

जावातलं रिफ्लेक्शन म्हणजे तशीच काच. कन्स्ट्रक्टर ही ऑब्जेक्ट घडवायची क्लासने ठरवलेली रीत. 'गेटकन्स्ट्रक्टर्स' फक्त पब्लिक कन्स्ट्रक्टर दाखवतं, 'गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर्स' प्रायव्हेटसकट सगळे. कुणाला किती आणि कोणत्या प्रकारचे पॅरामीटर लागतात, तेही कळतं. इथवर छानच! पण 'सेटअॅक्सेसिबल' ट्रू केलं की कुलूपही निघतं.

मी एकदा काढलं. पावती क्रमांक देणारा सिंगलटन क्लास होता. टेस्टसाठी त्याचा दुसरा ऑब्जेक्ट बनवला, तो कोड तसाच पुढे गेला आणि दोन गिऱ्हाइकांना एकच नंबर! चूक सर्वस्वी माझी.

२०१७ साली जावा ९ मध्ये मॉड्यूल आले आणि दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये अशी घुसखोरी अवघड झाली. आपल्याच मॉड्यूलमध्ये मात्र अजून मोकळं रान आहे. म्हणून माझं मत असं: बघायला रिफ्लेक्शन खुशाल वापरा. पण कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट दिसला, तर तो तसा का ठेवलाय हे आधी शोधा.

आजी म्हणायची, "दिसलं म्हून उघडाचं नसते, बापू." तेव्हा राग यायचा. असो. तुम्हाला काय वाटतं?