बाबासाहेबांचा रुपया आणि आपला गल्ला

अर्थतज्ज्ञ राजकारणात आला म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना डॉ. मनमोहन सिंग आणि १९९१ साल आठवते. ते योग्यच आहे. पण त्यांच्या कितीतरी आधी असा एक माणूस आपल्या महाराष्ट्रातून पुढे आला आणि त्याची ही बाजू आपण जवळजवळ विसरलो. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मी उर्दू शाळेत शिकलो. तेथे बाबासाहेब म्हणजे घटना लिहिणारे, एवढेच कळले. नाशिक जिल्ह्यात राहून काळाराम मंदिराचा १९३० सालचा सत्याग्रह आणि येवल्याची १९३५ सालची घोषणा ठाऊक झाली. मात्र त्यांनी आपल्या धंद्याचाही हिशेब मांडून ठेवला आहे, हे कळायला केस पिकावे लागले.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ साली त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी केन्ससारख्या पंडिताचे मत खोडून काढले. सरकारच्या हाती मनमानी नाणी पाडण्याची सत्ता नको, रुपयाची घरातील किंमत स्थिर हवी, असे त्यांचे म्हणणे. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. याच आयोगाच्या शिफारशीवरून पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक आली.

त्या ग्रंथातील एक मुद्दा प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावा. गेल्याच्या मागच्या शतकात चांदी उतरली, तसा रुपयाही घसरला. निर्यात करणारे खूश झाले. बाबासाहेबांनी विचारले, हा नफा आला कोठून? परदेशातून नव्हे. भाव चढले आणि मजुरी मागे राहिली. म्हणजे घरातल्याच एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा गेला.

याची दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या गिरणीमालकांना रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा हवा होता. सरकारने १९२७ साली तो १ शिलिंग ६ पेन्स ठरवला. महाग रुपयामुळे विलायती कापड स्वस्त पडते, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण मजुराचे काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

मी माझ्याच गल्ल्यावरून सांगतो. रुपया पडला की रंग, रसायने आणि पॉलिस्टरचे सूत महागते. फळीवरचा जुना माल मी नव्या भावाने विकतो आणि त्याला अक्कलहुशारी म्हणतो. घड्या घालणाऱ्या पोराचा पगार मात्र तोच. मालेगावात मागावर रात्रपाळी करणाऱ्याची मजुरीही भावाबरोबर धावत नाही. मग तोच माणूस ईदेला किंवा दिवाळीला एक जोड कमी घेतो, आणि आम्ही म्हणतो, बाजारात मंदी आहे!

बाबासाहेबांचे राजकारण याच हिशेबातून वाढले, असे माझे मत आहे. १९३६ साली त्यांनी पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील आठवड्याचे तास ४८ वर आणणारा कायदा त्याच काळातला. पण स्वतंत्र भारतात त्यांच्याकडे फक्त कायदा खाते राहिले. नियोजन खाते देण्याची गोष्ट झाली होती, ते मिळाले नाही, ही खंत त्यांनी १९५१ सालच्या राजीनाम्याच्या निवेदनात बोलून दाखवली. एवढा जाणकार घरात असून देशाने त्याला खतावणीजवळ बसू दिले नाही, हा तोटा देशाचा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वरात आतापासून पंचे-उपरण्यांच्या मालाचे हिशेब चालले आहेत. भाव चढतील, गल्ला भरेल. तेव्हा एक कलम वहीत आधी लिहावे: नोकरांचा पगार किती वाढवला? ते कलम कोरे राहिले, तर नफा कोणाच्या खिशातून आला हे बाबासाहेबांनी सांगून ठेवलेच आहे.